आधी स्टोअरकीपरला विचारा

प्रश्न: फोंड्याच्या आमच्या सेवा क्लबमध्ये गेल्या सोमवारी डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या ग्रामीण रुग्णालयातले अनुभव सांगितले. वेळ संपला आणि तीन प्रश्न राहून गेले. क्लबने जुनी यंत्रे, औषधे गोळा करून त्या रुग्णालयाला पाठवावीत का? एका सभासदाची मुलगी इंटर्नशिप संपवून सहा आठवड्यांसाठी तिकडे जाईन म्हणते, तिला जाऊ द्यावे का? आणि एवढ्या लांब हात पोचवण्यापेक्षा आपल्या सत्तरी तालुक्यातच काही का करू नये? डॉक्टरांनी सवडीने लिहावे. — कार्यक्रम समिती

उत्तर:

सभेत मला पंचवीस मिनिटे दिली होती. घंटा, राष्ट्रगीत, वाढदिवसवाल्यांना गुलाब आणि प्रोजेक्टरला लॅपटॉप सापडेपर्यंतचा वेळ वजा जाता सोळा उरली. त्यात सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या त्या तिथल्या लिवोंडे राष्ट्रीय उद्यानातल्या हत्तीच्या फोटोला. तो हत्ती मी रजेवर असताना पाहिलेला. रुग्णालयाशी त्याचा संबंध एवढाच की त्याला पाहून परतलो तेव्हा आमचे ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले होते, आणि ते का बंद पडले हे सांगायचे राहूनच गेले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे काय हे कोविडनंतर गोव्यात कोणाला समजावायला नको. यंत्र खोलीतली हवा ओढते, झिओलाइटच्या खड्यांतून दाबाने सोडते, नायट्रोजन तिथे अडकतो आणि पलीकडून नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो. सिलिंडर नको, ट्रक नको, फक्त वीज हवी. आमच्या मुलांच्या वॉर्डात पाच लिटरचे असे एक यंत्र होते. त्याला स्प्लिटर लावला, म्हणजे एका नळीच्या चार नळ्या केल्या, की न्यूमोनियाची चार तान्ही मुले एकाच वेळी त्यावर ठेवता येत. यंत्राच्या पाठीला स्पंजाची एक पट्टी असते, आपल्या भांडी घासायच्या स्पंजाएवढी. ती आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायची, पुरती वाळवायची, परत बसवायची. तिथली लाल धूळ अशी की चौथ्या दिवशीच पट्टीचा रंग ओळखू येत नसे. मी रजेवर गेलो, ज्या सिस्टरकडे हे काम होते तिची रात्रपाळी लागली, पट्टी कोणी धुतली नाही. यंत्र तापून तापून बंद पडले. नवी पट्टी आणि आतला फिल्टर मिळून आपल्या पैशात तीन-चारशे रुपयांचा ऐवज, पण तो ब्लँटायरसारख्या तिथल्या मोठ्या शहरातही मिळेना. शेवटी माझ्या भावाने इथून कुरिअर केला. पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत वॉर्डात काय झाले ते मी सभेत सांगणार नव्हतो आणि इथेही सांगत नाही.

आता पुढचे ऐका. त्याच दिवसांत एका परदेशी संस्थेने आम्हाला तीन नवी कोरी कॉन्सन्ट्रेटर भेट दिली. हार, फोटो, भाषण सगळे झाले. यंत्रे निघाली ११० व्होल्टची. मलावीत आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज. पहिले लावले, त्यातून वास आला, मग धूर. उरलेली दोन मागच्या खोलीत गेली. त्या खोलीला आम्ही ‘म्युझियम’ म्हणत असू. तिथे काच फुटलेला इन्क्युबेटर होता, कागदाचे रोल मिळत नाहीत म्हणून गप्प बसलेले तीन ईसीजी होते, आणि एक दंतवैद्याची खुर्ची होती. आमच्याकडे दंतवैद्य नव्हता. रात्रपाळीचा वॉचमन तिच्यावर झोपायचा, म्हणजे देणगीतली तेवढी एक वस्तू तरी रोज वापरात होती.

ही आमचीच रडकथा नव्हे. गरीब देशांतल्या रुग्णालयांतली यंत्रसामग्री मोजणारे एक परीक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ४० टक्के यंत्रे बंद अवस्थेत आढळली होती. बहुतेकांचे दुखणे साधे असते: फ्यूज, प्लग, फिल्टर, आणि ते कसे वापरायचे हे शिकवलेला माणूस बदलून गेलेला.

औषधांचे म्हणाल तर, सभेनंतर जेवताना आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन सांगितले की त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे सॅम्पलचे खोकेच्या खोके पडून आहेत. (सोमवार असल्याने जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी, होते आणि त्यामुळे गप्पा लवकर गंभीर झाल्या.) सॅम्पल म्हणजे काय असते ते मी तीस वर्षे पाहतोय. कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, खोकल्याचे सिरप, ॲसिडिटीची जोडगोळी, आणि एक्स्पायरीला चार महिने. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ सालीच घालून दिले आहेत. औषध त्या देशात पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, ते त्या देशाच्या यादीतले हवे, त्यावर औषधाचे मूळ नाव तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत हवे, आणि रुग्णांकडून परत आलेली औषधे किंवा डॉक्टरांना मिळालेली सॅम्पले गोळा करून पाठवायची नाहीत. चार ब्रँडच्या चार गोळ्या एका पिशवीत मिळाल्या तर तिथल्या सिस्टरने काय करायचे? त्या वेगळ्या करण्यात तिची पाळी जाते, आणि मुदत संपलेल्या जाळायचा खर्च रुग्णालयाच्या माथी.

सर्पदंशाच्या लशीचा विषय सभेत कोणीतरी काढला होता, तोही इथे संपवतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. तिकडे चावतो तो पफ ॲडर, थुंकणारा नाग, माम्बा. आपली लस त्यांच्यावर चालत नाही. भारतीय सापांच्या विषावर बनवलेली लस आफ्रिकेत विकली गेली तेव्हा घाना आणि चाड या देशांत सर्पदंशाचे मृत्यू कमी व्हायचे सोडून वाढले. पाठवणाऱ्याची भावना चांगली होती की धंदा, त्याने रुग्णाला फरक पडत नाही.

मग काय द्यावे? माझे उत्तर एका ओळीचे आहे आणि ते ऐकून सभेत कोणी टाळ्या वाजवणार नाही. डॉक्टरला विचारू नका, स्टोअरकीपरला विचारा. मी डॉक्टर म्हणून काय मागितले असते? अल्ट्रासाऊंड. आमचा स्टोअरकीपर साठीला टेकलेला गृहस्थ, कानावर पेन्सिल, पुढ्यात कापडी पाठीची जाड वही. कुठली वस्तू कधी आली, कोणी नेली, परत आली का, सगळे त्यात. एकदा मी त्याच्यावर भडकलो होतो की मलेरियाचे इंजेक्शन कपाटात असून वॉर्डात का नाही. त्याने शांतपणे वही फिरवून माझ्यासमोर ठेवली. आर्टेसुनेटची पावडर आली होती, ती ज्यात विरघळवायची त्या बायकार्बोनेटच्या ॲम्प्यूल आल्या नव्हत्या. आधी बायकार्बोनेट, मग सलाईन, आणि तयार झाल्यावर तासाभरात टोचायचे, असे ते दोन पायऱ्यांचे काम. पहिली पायरीच गायब.

या इंजेक्शनचे महत्त्व सांगतो म्हणजे माझा राग कळेल. मी २०१० मध्ये गेलो तेव्हा मेंदूच्या मलेरियाला क्विनाईनची ड्रिप हाच उपाय होता. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निकाल आले. क्विनाईन मिळालेल्या मुलांपैकी १०.९ टक्के दगावली, आर्टेसुनेट मिळालेल्यांपैकी ८.५ टक्के. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. जानेवारी-फेब्रुवारीत, पाऊस आणि उपासमार एकदम आलेली असताना, एका खाटेवर तीन मुले आडवी झोपवलेल्या वॉर्डात उभे राहिले की तो किरकोळ वाटत नाही. तिथे ताप आणि मलेरिया या दोन्हींना एकच शब्द आहे, मलुंगो. आई सांगते ‘मलुंगो’, आणि आपणही तेच ऐकून मोकळे होतो. त्यात रक्तात साल्मोनेला गेलेली मुले निसटतात, हे मला पहिल्या पावसाळ्यात चांगलेच महागात पडले.

मलावी कुठे, असे दोघा-तिघांनी विचारले म्हणून सांगतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, समुद्र नसलेला, गोव्याच्या तीसपटीहून मोठा देश. १९६४ साली ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. आमचे रुग्णालय दक्षिणेला, मोझांबिकच्या हद्दीपासून तासाभरावर होते आणि तिकडचे रुग्णही यायचे. गोव्याच्या माणसाला मोझांबिक परके नाही. पणजीत १८४२ साली पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली, तिथून शिकलेले डॉक्टर पुढे मोझांबिक-अंगोलाच्या आरोग्य खात्यात नोकरीला गेले. मी त्या परंपरेतला म्हणवत नाही, माझे शिक्षण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे. पण एकदा हद्दीपलीकडची एक बाई रात्री पोटात कळा घेऊन आली. सिस्टरला तिची भाषा कळेना, मला तर दोघींचीही कळेना. आणि मध्येच ती ओरडली, “बाल्द! बाल्द!” मी धावत जाऊन बालदी आणली. ती ओकली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली की या अम्वेन्येला, म्हणजे हिंदुस्थान्याला, कसे कळले. बालदी, चावी, बटाटा, पगार हे शब्द आपल्याकडे कुठून आले ते फोंड्यात बसून कधी आठवत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मुलीच्या वडिलांना मी ओळखतो, त्यामुळे जरा जपून लिहितो, पण स्पष्ट लिहितो. सहा आठवड्यांसाठी जाऊ नये. किमान सहा महिने जमत असतील तर जरूर जावे.

कारण असे. तिथे जिल्हा रुग्णालय डॉक्टरांच्या जोरावर चालत नाही, क्लिनिकल ऑफिसर चालवतात. तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप केलेली ही मुले-मुली. जिल्ह्यातली बहुतांश सिझेरियन तीच करतात. शेजारच्या मोझांबिकने तर १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. मी पहिल्या दिवशी एमएसची पदवी घेऊन थाटात राउंडला गेलो. मांडीचे हाड मोडलेला माणूस खाटेवर, नडगीच्या वरच्या टोकातून आरपार स्टीलची पिन, तिला दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला पिशव्या आणि पिशव्यांत दगड. मी म्हणालो, याच्यात रॉड का नाही घातला? सत्तावीस वर्षांच्या क्लिनिकल ऑफिसरने उलट विचारले, “डॉक्टर, सी-आर्म (शस्त्रक्रिया करताना हाड दाखवणारे एक्स-रे यंत्र) नाही, आणि हाडात पू झाला तर तो काढायला तुम्ही किती वर्षे इथे आहात?” मग त्याने खाटेचा खालचा अर्धा भाग खाली सोडला आणि त्या माणसाला गुडघा वाकवायला लावला. वजन तसेच लटकलेले, आणि हा पठ्ठ्या पडल्या पडल्या दिवसातून शंभरदा गुडघा वाकवतोय. सहा-सात आठवड्यांनी कुबड्या घेऊन चालत गेला. दगडांचे वजन हा पोरगा हातात घेऊन सांगायचा, आणि ताजव्यावर घातले तर पावशेराचाही फरक नसे. त्याच्याकडून शिकायला मला पहिले तीन महिने गेले. त्यांत माझा रुग्णालयाला उपयोग जवळपास शून्य होता.

नुकतीच पास झालेली मुलगी सहा आठवडे गेली तर पहिले दोन आठवडे तिला सगळे दाखवण्यात कोणीतरी अडकणार, पुढचे दोन ती स्वतः जुलाबाने आडवी, आणि हात बसू लागेपर्यंत परतीचे तिकीट. फोटो मात्र छान येतील. मुलांबरोबरचे फोटो, तेही आईला न विचारता काढलेले. बांबोळीच्या वॉर्डात कोणी परदेशी पोरगी आपल्या नातवाला कडेवर घेऊन सेल्फी काढू लागली तर आपण काय म्हणू, एवढे तिने मनाशी ठरवून जावे.

जायचेच ठरले तर कागदपत्रे आधी. तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी हातात आल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. ‘तिथे चालते’ असे जो सांगेल त्याच्यापासून लांब राहावे. मलेरियाची प्रतिबंधक गोळी इथूनच सुरू करावी आणि परतल्यावरही पुरी करावी, मच्छरदाणी हा तिला पर्याय नव्हे. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे जितकी लवकर तितकी चांगली, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही आणि अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यायची. पहिला डोस कुठल्या कपाटात आहे आणि रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मला एकदा लागला होता, म्हणून सांगतो. आणि एक बारीक गोष्ट जी एजंट सांगत नाहीत: मलावीत पिवळा ताप नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलताना बारा तासांच्या वर थांबलात तर परत भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आता ती जन्मभर चालते, हा त्यातला फायदा.

क्लबला दुसऱ्या बाजूने काही करायचे असेल तर इकडच्या मुलीला तिकडे पाठवण्याऐवजी तिकडच्या एखाद्या बायोमेडिकल टेक्निशियनला तीन महिने इकडे आणावे. स्पंजाची पट्टी धुणारी, फ्यूज बदलणारी माणसे वाढली की म्युझियम रिकामे होईल. आणि पैसे द्यायचे असतील तर तिथेच बनणाऱ्या वस्तूसाठी द्यावेत. कुपोषित मुलांसाठी शेंगदाणा, दूधपावडर, साखर आणि तेल यांची घट्ट पेस्ट असते, तिला ते चिपोंडे म्हणतात, आपल्या दाण्याच्या लाडवाची मावसबहीणच. ती मलावीतच तयार होते, दाणे तिथल्याच शेतकऱ्यांचे. इथून डबे पाठवण्यात काही हशील नाही.

पोलिओच्या निधीचे काय झाले, असे अध्यक्षांनी विचारले होते, त्याचे थोडक्यात सांगतो. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओची मोहीम हाती घेतली, हे त्यांना माहीत आहेच. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. मलावीत १९९२ नंतर एकही नव्हता आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राजधानी लिलाँग्वेत एका लहान मुलीत विषाणू सापडला, पाकिस्तानातल्या विषाणूशी जुळणारा. मग पाच देशांत लशीच्या फेऱ्या झाल्या. मी तेव्हा फोंड्यात होतो. माझ्या जुन्या सिस्टर लशीची पेटी खांद्याला लावून हिंडतानाचे फोटो पाठवत होत्या.

सत्तरीचा प्रश्न विचारणाऱ्याचा रोख मला कळला आणि तो रास्तही आहे. गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाने २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात काय केले ते मी विसरलेलो नाही. पण सत्तरीत आपल्याला लागते ते वेगळे. वाळपईहून बांबोळी रुग्णवाहिकेने तासाभराच्या आसपास. माझ्या मलावीच्या रुग्णालयात २०११-१२ मध्ये देशातले डिझेलच आटले होते आणि अडलेली बाळंतीण सायकलला जोडलेल्या स्ट्रेचरवरून बारा किलोमीटर यायची. तेव्हा दोन्ही ठिकाणांना एकच शिबिर लावू नये. मात्र तिकडची एक गोष्ट मी इथे आणली आहे आणि ती क्लबला स्वस्तात करता येईल. मलावीत प्रत्येक रुग्णाकडे स्वतःची आरोग्य वही असते, ‘हेल्थ पासपोर्ट’ म्हणतात तिला, शाळेच्या छोट्या वहीसारखी. कुठल्याही दवाखान्यात गेला तरी डॉक्टर त्याच वहीत लिहितो, वही रुग्णाच्या घरी राहते. घराला आग लागली तर बायका आधी मुले आणि मग ती वही बाहेर काढतात, असे सिस्टर सांगायच्या. आपल्याकडे सत्तरीतून म्हातारा येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत वीस वर्षांचे कागद कोंबून, आणि त्यात कालची बीपीची गोळी सोडून सगळे सापडते. मी माझ्या जुन्या रुग्णांना चाळीस पानी वही द्यायला लागलो. बहुतेक जण आणतात. एका आजोबांनी तिच्यात काजूचा हिशोबही लिहून ठेवलाय, ते मी चालवून घेतो.

स्टोअरकीपर आता निवृत्त आहे, पण त्याच्या जागी आलेल्या मुलीला मी सभेच्या दुसऱ्याच दिवशी फोनवर विचारले. तिची यादी आली आहे: कॉन्सन्ट्रेटरच्या स्पंजाच्या पट्ट्या सहा, स्प्लिटर चार, लहान मुलांचे बीपीचे पट्टे पाच, तेरा ॲम्पियरचे चौकोनी तीन पिनांचे प्लग वीस, सायकलच्या ट्यूब दहा. ट्यूब कशाला म्हणून मी उलट विचारले, तर गावागावांत फिरणारे आरोग्यसेवक सायकलवर असतात आणि त्यांतल्या चार सायकली भिंतीला टेकून उभ्या आहेत.

ट्यूब शक्यतो त्यांनी तिथेच घ्याव्यात, पैसे आपण देऊ. पट्ट्यांसाठी मॉडेल नंबर मागवला आहे, तो आल्याशिवाय खरेदी नको. प्लग ब्रिटिश पद्धतीचे लागतात, आपले गोल पिनांचे चालणार नाहीत. मडगावला कोणाकडे मिळतात का ते खजिनदारांनी बघावे. मी सोमवारी एकनंतर क्लिनिकमध्ये मोकळा असतो.